बांधावरच्या लाकडाचे खांब आणि फळ्या : वाचकांचे प्रश्न

दिवाळी उरकली की बांधावरची झाडे तोडण्याचा हंगाम सुरू होतो आणि आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही आपोआप ठरतो. स्वतःच्या शेतातल्या लाकडाचे कुंपणाचे खांब आणि फळ्या करून घेण्याविषयी यंदा इतकी पत्रे आली आहेत की, या अंकातील सदर त्याच विषयाला दिले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या बांधावर ऐन आणि किंजळ यांची काही जुनी झाडे आहेत. गेल्या पावसाळ्यात एक मोठा फणस उन्मळून पडला, आणि माळावर आकेशियाची लागवडही आहे. काजूच्या बागेला कुंपणाचे खांब आणि घराच्या पडवीला फळ्या हव्या आहेत. आरागिरणीवाले म्हणतात, ‘सगळे ओंडके आणून टाका, चौरस खांब पाडून देतो.’ तसे करावे काय? (तालुका चिपळूण)

उत्तर : तसे करू नये. कोणत्या ओंडक्याचे काय करायचे, हे तो गिरणीकडे जाण्यापूर्वी शेतावरच ठरवावे. जमिनीत गाडायच्या लाकडात जो गुण लागतो तो छपराखालच्या फळीत असलाच पाहिजे असे नाही, आणि गिरणीवाल्याला हा फरक आपण सांगितल्याशिवाय कळण्याचा मार्ग नसतो. तो करवतीच्या सोयीने कापणार.

गाडलेला खांब सर्वांत आधी कुजतो तो जमिनीच्या पातळीशी, मातीच्या जरा वर आणि वीतभर खाली. तेथे ओलही असते आणि हवाही, आणि लाकूड खाणाऱ्या बुरशीला या दोन्ही लागतात. या पट्ट्यात टिकून राहण्याची ताकद फक्त गाभ्याच्या लाकडात असते. ओंडक्याच्या ताज्या कापाकडे पाहिले तर मध्ये गडद गाभा आणि त्याभोवती फिकट कडे, म्हणजे पांढरे लाकूड, दिसते. लाकूड मातीत किती टिकते हे तपासण्याच्या डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या पद्धतीत ६० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर जाडीरुंदीचे तुकडे उघड्यावर अर्धे पुरून ठेवतात. सरासरी १२० महिन्यांपेक्षा जास्त टिकणारी जात पहिल्या वर्गात, ६० ते १२० महिने टिकणारी दुसऱ्यात आणि त्याहून कमी टिकणारी तिसऱ्या वर्गात धरली जाते. हे वर्गीकरण गाभ्याच्या लाकडाचे आहे. फिकट कड्याच्या बाबतीत साग आणि आंबा यांत फारसा फरक करण्याचे कारण नाही, कारण वाळवीला दोन्ही सारखीच चालतात. लहान वयाच्या सागाच्या विरळणीतून निघालेली तीन इंची बल्ली ‘सागाचा खांब’ म्हणून विकली जाते, पण तिच्यात बहुतेक सगळे पांढरेच लाकूड असते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत ती जमिनीशी मोडली की लोक सागाला दोष देतात.

म्हणून किंजळ आणि ऐन यांच्या जाड ओंडक्यांचा गाभा खांबांसाठी राखावा. चार इंची चौरस चार खांब एका ओंडक्यातून हवे असतील, तर बारीक टोकाशी त्याचा व्यास सुमारे बारा इंच, म्हणजे घेर ३८ इंचांच्या आसपास हवा. अशा खांबाचा एक कोपरा ओंडक्याच्या बाहेरच्या बाजूचा असतो आणि त्यावर पांढऱ्या लाकडाची पट्टी राहते. ती थोडी असेल तर चालते. अर्धा खांबच पांढरा निघणार असेल, तर तो ओंडका खांबांसाठी घेऊ नये. फणसाचे पिवळे लाकूड फळ्यांसाठी उत्तम आहे. ते करवतीला सोपे जाते, वाळताना फारसे त्रास देत नाही आणि पडवीला शोभूनही दिसते, तेव्हा ते मातीत घालणे म्हणजे निव्वळ नासाडी होय. आकेशियाचे मध्यम जाडीचे सोट मात्र गिरणीवर नेऊच नयेत. ते गोलच ठेवावेत, साल काढावी आणि औषध देऊन वापरावेत. बाहेरचे पांढरे लाकूड औषध सहज शोषते आणि गाभा जवळजवळ शोषत नाही. त्यामुळे गोल खांबाभोवती औषध भिनलेले अखंड कडे तयार होते. तोच सोट चौरस केला, तर औषध घेणारा भाग पैसे देऊन कापून टाकल्यासारखे होते.

वाकड्या ओंडक्यांची काळजी करू नये. खांब साडेसहा फुटांचा पुरतो, तेव्हा तेरा फुटांचा वाकडा ओंडका मधोमध तोडला की दोन बऱ्यापैकी सरळ तुकडे मिळतात. लांब फळ्यांसाठी मात्र सरळ खोडाचा बुंध्याकडील भागच निवडावा. ज्या ओंडक्याची रेषा सरळ आहे तो पाचर आणि घण घेऊन उभा फोडता येतो. फोडलेला खांब दिसायला ओबडधोबड असला तरी त्यातील तंतू शेंड्यापासून बुडापर्यंत अखंड राहतात. करवत तंतूंची पर्वा न करता सरळ जाते आणि तंतू तिरके कापले गेले, तर खांब त्या ठिकाणी कमजोर होतो. ऐनाबद्दल एक सावधगिरी हवी. हे जड लाकूड उन्हात पटकन वाळले की पृष्ठभागावर भेगा पडतात, म्हणून कापलेले खांब सावलीत ठेवावेत.

गिरणीवर नेण्यापूर्वी बांधावरच्या प्रत्येक ओंडक्यात खिळे, तारेचे तुकडे किंवा जुने आकडे नाहीत ना, हे नीट पाहावे. पूर्वी झाडालाच तार ठोकून कुंपण करण्याची रीत होती, आणि झाड वाढताना ती तार पोटात घेते. सालीवर आडवी सुरकुती किंवा कापलेल्या तोंडावर निळसर-काळा डाग दिसला, तर आत लोखंड आहे असे समजावे. पाते तुटले तर भुर्दंड आपल्याला, आणि करवतीवर उभ्या असलेल्या माणसाला इजा होण्याचा धोका वेगळाच.

प्रश्न : झाडे आमच्या मालकीच्या जमिनीवर आहेत आणि लाकूड विकायचेही नाही. तरीही परवानगी लागते काय? (जिल्हा यवतमाळ)

उत्तर : बऱ्याच जातींसाठी लागते. महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, १९६४ या कायद्याच्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, बिजा, हळदू, तिवस, अंजन, खैर, चंदन, मोह, हिरडा, चिंच, आंबा, फणस, जांभूळ आणि तिवर ही झाडे आहेत. ती स्वतःच्या शेतात असली तरी तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. नीलगिरी, सुबाभूळ, सुरू, बाभूळ, कडुनिंब ही त्या अनुसूचीत नाहीत. तोडणीची परवानगी ही एक गोष्ट आणि वाहतुकीचा पास ही दुसरी, हे विसरू नये. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ४१ खाली वाहतुकीचे नियम केलेले आहेत. सागाचा ओंडका आपल्या शेतातून गावच्या गिरणीपर्यंत न्यायचा असला तरी पास सोबत हवा, कारण गिरणीवाल्याला आपल्या नोंदवहीत लाकडाचा स्रोत दाखवावा लागतो आणि कागदाविना आलेला माल शहाणा गिरणीवाला फाटकातूनच परत पाठवतो. सातबारा, जमिनीचा नकाशा आणि हद्द दाखवणारी कागदपत्रे घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात जावे, आणि तोडणीच्या बऱ्याच आधी जावे, कारण मोजणी व शिक्का मारण्याच्या कामाला वेळ लागतो. वादळात पडलेल्या झाडाच्या बाबतीतही आधी वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यावा आणि मगच करवत लावावी. आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे. त्यांनी परस्पर व्यापाऱ्याशी सौदा करू नये.

याच संदर्भात काही जणांनी शेतावर छोटी करवत बसवण्याविषयी विचारले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन या वनसंरक्षणाच्या प्रकरणातील १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशापासून आरागिरण्यांवर कडक नियंत्रण आले आणि २०१६ मध्ये केंद्राने लाकूड-आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तेव्हा यंत्र विकत घेण्याच्या आधी वन विभागाकडून लेखी उत्तर घ्यावे. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नये.

प्रश्न : नीलगिरीच्या फळ्या काढल्या. करवतीवरून उतरतानाच त्या धनुष्यासारख्या वाकल्या आणि टोकांना फाटल्या. चूक गिरणीची की लाकडाची? (तालुका निफाड)

उत्तर : मुख्यतः लाकडाच्या स्वभावाची. वेगाने वाढलेल्या नीलगिरीच्या खोडात बाहेरचा भाग ताणलेला आणि मधला भाग दाबलेला असतो. उभ्या झाडात हे दोन्ही ताण एकमेकांना तोलून धरतात, पण करवत मधून गेली की तोल सुटतो, फळी बाहेरच्या बाजूला वाकते आणि टोक फाटते. त्यावर पूर्ण उपाय नाही. त्रास कमी करता येतो. तोडलेल्या खोडाचे लगेच लहान तुकडे करू नयेत, शक्य तितके लांब ठेवावेत आणि दोन्ही तोंडांना घट्ट रंग किंवा डांबर लावून साल न काढता सावलीत ठेवावेत. मात्र फार दिवस ठेवू नयेत. करवतीवर एकाच बाजूने फळ्या काढत न जाता एक सालपट एका बाजूचे, दुसरे समोरच्या बाजूचे, असे आळीपाळीने काढावे, आणि खोडाच्या अगदी मधला, गराचा भाग फळीत येऊ देऊ नये. तो भाग फाटणारच, तेव्हा त्याचा जाड चौकोनी तुकडा काढून खांबाला वापरावा. गिरणीवाला सहसा एका बाजूनेच कापतो, कारण ओंडका पुन्हा पुन्हा फिरवण्यात वेळ जातो. तेवढ्यापुरती चूक त्याची म्हणता येईल, पण आधी सांगून जादा मजुरी ठरवली असती, तर त्याने फिरवून दिले असते.

१९८० च्या दशकात नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी नीलगिरीची मोठी लागवड केली आणि उत्पादकांची सहकारी संस्थाही उभी राहिली, पण ती लागवड प्रामुख्याने बल्ल्यांच्या आणि खांबांच्या बाजाराकडे पाहून होती. आजही आमचे मत तेच आहे. कमी वयाची नीलगिरी गोल खांबाला चांगली आणि फळीला त्रासाची.

प्रश्न : बाभळीचे आणि सुबाभळीचे खांब टिकावेत म्हणून आम्ही बूड जाळून काळे करतो, काही जण गाडीचे जळके ऑइल लावतात. यातले अधिक चांगले काय? जुनी माणसे बाभूळ विहिरीत किंवा ओढ्यात बुडवून ठेवत असत, त्याला काही अर्थ आहे काय? (तालुका माढा)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करणे बरे, कारण त्या जुन्या रीतीत खरोखर अर्थ आहे. बाभळीच्या पांढऱ्या लाकडात पिष्ट भरपूर असते आणि पीठ पाडणारे भुंगे त्याच्यामागेच येतात. कित्येक आठवडे पाण्यात राहिले की पिष्ट मोठ्या प्रमाणात निघून जाते आणि भुंग्याचा उपद्रव बराच कमी होतो. बैलगाडीच्या चाकांना लागणारी बाभूळ सुतार पाण्यात ठेवत ती याच कारणाने. पण पाण्यात ठेवल्याने वाळवी किंवा जमिनीतली बुरशी थांबत नाही, म्हणून गाडायच्या खांबाला एवढे पुरत नाही. बाभळीचा गडद गाभा स्वतःच बराच टिकाऊ असतो. जाड बाभूळ असेल तर तिचा गाभा वापरावा आणि औषधाच्या भानगडीत पडू नये.

बूड जाळणे हा उपाय लोकांना वाटतो तितका उपयोगी नाही. कोळशाचा थर बुरशीला रुचत नाही हे खरे, पण तो पातळ असतो, त्याला भेगा असतात, आणि त्या भेगांतून ओल व वाळवी आतल्या न जळलेल्या लाकडापर्यंत पोचतात. शिवाय जळताना खांबाची जाडी कमी होते, तीही नेमकी जिथे ती जास्त हवी तिथे. जळक्या ऑइलबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. ते वरच्या वर राहते, पावसाने मातीत उतरते आणि विहिरीजवळच्या कुंपणाला तर ते अजिबात लावू नये.

शेतावर करता येण्याजोगा खरा उपाय म्हणजे नुकत्याच तोडलेल्या गोल खांबातला रस औषधाने हटवणे. झाड तोडल्याच्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी साल सोलावी आणि खांब उभे करून त्यांचे बूड औषधाच्या द्रावणात ठेवावे. खांबाचे वरचे टोक आणि अंग सुकत जाते तसतसे द्रावण पांढऱ्या लाकडातून वर चढते. आठवडाभर बूड आणि नंतर काही दिवस शेंडा बुडवावा. ओले लाकूड असेल तरच हे जमते. वाळलेल्या खांबात द्रावण चढत नाही, आणि याचमुळे ‘औषध लावले, पण उपयोग झाला नाही’ अशा तक्रारी येतात. द्रावण साधारण ५ ते ६ टक्के असावे. द्राक्षबागेत फवारायचे मोरचूद यात असते, पण नुसते मोरचूद पावसाच्या पाण्याबरोबर धुपून जाते. म्हणून त्यात सोडियम डायक्रोमेट मिसळलेले तयार मिश्रण घ्यावे, ते लाकडात घट्ट बसते. डायक्रोमेट विषारी आहे, हे हातमोजे घालण्यापूर्वीच लक्षात घ्यावे. भांडे प्लास्टिकचे असावे, कारण मोरचूद लोखंड खाते. त्याच कारणाने अशा खांबांना तार ठोकताना जस्ताचा लेप असलेले आकडे वापरावेत. उरलेले द्रावण नाल्यात ओतू नये आणि जनावरांचे पाणी पिण्याचे भांडे यासाठी कधीही घेऊ नये.

ज्यांच्याकडे वाळलेले खांब आहेत त्यांनी क्रिओसोटचा (दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेल्या तेलाचा) गरम-थंड उपाय करावा. खांबाचे बूड क्रिओसोटमध्ये ठेवून ते सुमारे ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे, काही तास तसेच ठेवायचे आणि मग त्याच भांड्यात थंड होऊ द्यायचे. तापताना लाकडातली हवा पसरून बाहेर पडते, आणि थंड होताना जी पोकळी राहते ती तेल आत ओढून घेते. म्हणजे खरे काम थंड होताना होते. गरम असतानाच खांब बाहेर काढणारे हे काम अर्धवट सोडतात. उघड्या आगीवर तेल उतू जाऊन पेट घेण्याचा धोका असतो, तेव्हा हे घरापासून आणि गंजीपासून दूरच करावे.

खांब पुरताना दोन फूट खोल घालावा आणि माती मुरूम थर देत ठोकावी. खांबाभोवती काँक्रीटची वाटी करण्याची आवड वाढली आहे, ती आम्हाला पसंत नाही. लाकूड आकसले की काँक्रीट आणि खांब यांत फट पडते, तिथे पाणी साठते आणि नको त्या जागीच ओल राहते. खांबाचा माथा तिरपा कापावा म्हणजे पाणी उतरून जाईल. कोपऱ्याचा खांब मधल्या खांबांपेक्षा जाड घेऊन त्याला तिरका आधार द्यावा. तारेचा सगळा ओढा त्याच्यावर येतो.

प्रश्न : गिरणीवाल्याने ओंडका ‘दहा घनफूट’ मोजला आणि फळ्या मात्र सात घनफुटांहून कमी भरल्या. फसवणूक झाली काय? (तालुका गडहिंग्लज)

उत्तर : बहुधा नाही. आपल्याकडे ओंडका मोजण्याची चालत आलेली रीत अशी : मधल्या घेराचा चौथा भाग इंचांत घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीच्या फुटांनी गुणायचे आणि १४४ ने भागायचे. ४८ इंच घेर आणि १० फूट लांबी असेल, तर चौथा भाग १२, वर्ग १४४, आणि उत्तर बरोबर १० घनफूट. पण त्याच गोल ओंडक्याचे खरे आकारमान सुमारे १२.७ घनफूट असते. ही रीत मुळातच सालपटे आणि भुसा यांची काही वजावट करून ठेवते. खऱ्या आकारमानाच्या निम्मे ते साठ टक्के, म्हणजे साडेसहा ते साडेसात घनफूट फळ्या निघाल्या, तर काम ठीक झाले असे समजावे. ओंडका वाकडा असेल किंवा शेंड्याकडे फार निमुळता होत असेल, तर त्याहून कमी भरेल.

करवतीचा प्रकारही पाहावा. पट्ट्याची करवत एका कापात दोन-तीन मिलिमीटर लाकडाचा भुसा करते, गोल पाते पाच-सहा मिलिमीटर आणि चेन सॉ आठ-नऊ मिलिमीटर. शेतावर चेन सॉला चौकट लावून फळ्या काढणारे आता पुष्कळ आहेत, आणि जिथे ट्रॅक्टर पोचत नाही तिथे ती सोय खरीच आहे. पण इंची फळ्या काढताना तीन कापांत जवळजवळ एक फळी भुशात जाते, एवढे गणित मनात असू द्यावे. जाड खांब काढायचे असतील तर कापच थोडे पडतात आणि हा तोटा फारसा जाणवत नाही.

मजुरी ओंडक्याच्या मापावर की फळ्यांच्या मापावर, हे आधी ठरवावे. सालपटे आणि भुसा कोणाचा, हेही. वाद होतात ते याच दोन गोष्टींवरून.

प्रश्न : आंब्याच्या फळ्या पडवीत भिंतीला उभ्या टेकवून ठेवल्या. महिन्याभरात निळसर डाग पडले, काही पिळल्या आणि बारीक पीठ गळू लागले. (तालुका संगमेश्वर)

उत्तर : आंब्याचे लाकूड नाशवंत आहे, म्हणून पूर्वी ते फळांच्या पेट्यांना जात असे, कपाटांना क्वचितच. निळा डाग ही बुरशी आहे. तिने रूप बिघडते, बळ फारसे कमी होत नाही. पीठ मात्र भुंग्याचे आहे. अशा फळ्या कापल्या त्याच दिवशी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड (दीड भाग आणि एक भाग) यांच्या द्रावणात बुडवून काढाव्यात. हे औषध पावसात धुपते, म्हणून ते घरातल्या फळ्यांपुरतेच उपयोगी आहे, कुंपणाला नाही.

फळ्या उभ्या टेकवून कधीच वाळवू नयेत. जमिनीपासून दीड फूट उंच, पातळीत घेतलेल्या आधारावर त्या आडव्या रचाव्यात. दर दोन फुटांवर इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या आडव्या घालाव्यात आणि त्या सर्व थरांत एकाखाली एक येतील असे पाहावे, नाहीतर वरचे वजन फळीला मध्येच वाकवते. टोकांना रंग लावावा, वर छप्पर असावे, सर्वांत वरच्या थरावर दगड ठेवावेत आणि बाजूंनी वारा खेळू द्यावा. लाकूड वाळताना वर्तुळांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या निम्म्याच्या आसपास गाभ्याकडून सालीच्या दिशेने आकसते. फळी पिळते ती या फरकामुळे. म्हणून तयार इंचभर जाडी हवी असेल, तर करवतीवर एक इंचाहून थोडी जास्त जाडी सांगावी. कोकणच्या दमट हवेत लाकूड जिथपर्यंत वाळते त्याहून ते विदर्भात अधिक वाळते, आणि भारतीय मानकांतही याच कारणाने देशाचे चार विभाग करून प्रत्येकासाठी वेगळा ओलावा सांगितला आहे. पुरेसे वाळले की नाही, हे बोटाने ठोकून ओळखण्यापेक्षा थराच्या मधली एक फळी आठवड्याला एकदा काट्यावर तोलावी. दोन-तीन आठवडे वजन उतरले नाही, की ती फळी रंध्याखाली घ्यायला हरकत नाही.